रव्याचा ट्रक

माझ्या टायर रिमोल्डच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायच्या दुकानामागं जुन्या टायरांचा ढीग होता. कुणी न्यायला येत नव्हतं आणि मला टाकवत नव्हतं. किश्शांचंही तसंच होतं बघा. एक उपसायला जावं तर खालचे चार घरंगळत पायावर येतात. आज जे सांगतोय ते सगळे एकाच ट्रकचे आहेत. ट्रक केवढा, तर अडीच हात लांब! पण त्यानं आमचा जेवढा जीव खाल्ला, तेवढा खऱ्या दहाटनी ट्रकनं कुठल्या ड्रायव्हरचा खाल्ला नसेल.

आमचं टोळकं चौघांचं. शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारा विश्वास, समोर ट्रकच्या बॉड्या रंगवणारा रज्जाक, टेलिफोन खात्यातले गोडबोले आणि मी. गोडबोले मूळचे पुण्याचे, पण माणूस चांगला. संध्याकाळी उद्यमनगरात चहा घ्यायचा आणि ज्याला त्याला नावं ठेवायची, एवढंच आमचं काम. कोल्हापुरात तेव्हा रंगीत टीव्ही नुकते दिसायला लागले होते.

गोडबोल्यांच्या भावानं जपानहून रेडिओवर चालणारी खेळण्यातली मोटार आणली होती. हातात एरियलची डबी, तिकडं मोटार पळतेय, मध्ये वायर नाही. आम्ही तोंडात बोटं घातली. विश्वासनं मात्र भलतंच काहीतरी डोक्यात घेतलं.

*

विश्वासचे वडील आप्पा नेसरीला असायचे. ऊस होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. पोरगा शेत सोडून लेथवर आला, तेव्हापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं. कुणी विश्वासची चौकशी केली की आप्पा म्हणायचे, "त्यो? चाकोरी सोडल्याली गाडी हाय ती."

त्या वर्षी मार्केट यार्डातल्या अडत दुकानाच्या शेटनी दिवाळी पाडव्याच्या सौद्याला मुहूर्ताचा रवा आप्पांचा धरला. हा मान मोठा. आधी त्या रव्याची पूजा होते, तो काट्यावर चढतो, आणि मगच वर्षाच्या गुळाची बोली सुरू होते. आप्पा ते ठरवायला दुकानात आले होते आणि विश्वासही होता. बापासमोर काहीतरी करून दाखवायची हौस कुठल्या पोराला नसते? हा पठ्ठ्या बोलून गेला, "शेट, औंदा रवा काट्यावर माणसाचा हात न लागता जाईल. रेडिओच्या ट्रकमधनं!"

शेट हरखले. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांपुढं तेवढीच शान. त्यांनी तिथंच शब्द दिला-घेतला, आणि शेटच्या शब्दापुढं आप्पांना काही बोलता येईना. बाहेर आल्यावर मात्र ते बोलले.

"मुहूर्ताचा रवा फुटला, तर वरीसभर माझा गूळ फुटक्या रव्याचा म्हणून वळखतील. तसं झालं तर नेसरीची वाट इसर."

आणि एसटी धरून ते गावाला गेले. विश्वासनं हे मला आणि रज्जाकला सांगितलं तेव्हा त्याचा चहा तसाच निवून गेला होता. गोडबोले त्या दिवशी ड्यूटीवर होते.

*

ट्रकचं गणित गोडबोल्यांकडं दिलं. एक रवा वाहून न्यायचा आहे, एवढंच त्यांना सांगितलं. ते कामाला लागले आणि दसऱ्याला ट्रक घेऊन हजर झाले. काय देखणा ट्रक! ॲल्युमिनियमचा हौदा, बारकी चाकं, पुढं दिवेसुद्धा. विश्वासनं विचारलं, किती ओढेल?

"एक किलो आरामात," गोडबोले म्हणाले. "तुम्ही एक रवा म्हणालात, मी दोन पुडे धरूनच चाललोय."

कोल्हापुरात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात आणि तो तीस किलोचा असतो, हे पुण्याच्या माणसाला सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं! शेवटी रज्जाक म्हणाला, "गोडबोले, ह्या रव्याचा शिरा हुईत न्हाय."

गोडबोल्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि हळूच विचारलं, "तीस किलोचा... एक?"

दिवाळी तोंडावर आली होती. विश्वासनं त्याच दुपारी अँगल कापायला घेतले.

*

गोडबोल्यांच्या भावाच्या मोटारीतला जपानी रेडिओ आणि पुढची चाकं वळवायची काडेपेटीएवढी मोटर तेवढी राहिली, बाकी सगळं उद्यमनगरचं. खऱ्या ट्रकची वायपरची मोटर, स्कूटरची बॅटरी, आणि चाकांवर माझं रबर. पहिल्या चाचणीला आम्ही रव्याच्या वजनाचा दगड हौद्यात ठेवला. विश्वासनं डबीचा खटका पुढं केला आणि ट्रकनं पुढची दोन्ही चाकं उचलून आम्हाला नमस्कार केला! वजन सगळं मागं. पुढची चाकं अधांतरी, मग ती डावीकडं वळवा नाहीतर उजवीकडं, ट्रकला काय त्याचं?

रज्जाक ब्रश घेऊन नंबर घालायला बसला होता. तो म्हणाला, "नंबर पोटावर घालतो. म्होरनं तेवढंच दिसतंय."

मग मागची बॅटरी काढून पुढं बॉनेटखाली घातली, हौदा चार बोटं पुढं सरकवला. पुढची चाकं जमिनीला टेकली. आता वळेल, असं आम्हाला वाटलं.

*

ते वाटणं म्हशीपर्यंत टिकलं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गवळी म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायचा. आम्ही ट्रक रस्त्यावर काढला. कोपरा आला, विश्वासनं खटका डावीकडं दाबला, पुढची चाकं डावीकडं वळलीही, आणि ट्रक सरळ म्हशीकडं निघाला! मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली, ती ट्रकला सरळच रेटत होती. पुढची चाकं नुसती रस्त्यावर घासत चालली. खटका सोडला तरी दगडाच्या भारानं ट्रक थांबेना. गवळी चरवी घेऊन उठला, म्हशीनं मान फिरवून बघितलं, आणि ट्रक तिच्या खुरापासून वितीवर थांबला.

गवळी शांतपणे विश्वासला म्हणाला, "पावणं, ह्याला येसण न्हाय व्हय?"

विश्वास परत गाळ्यात गेला. त्यानं मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या मोटरी दिल्या, म्हणजे वळताना बाहेरचं चाक मोकळेपणानं जास्त फिरेल. पुढची चाकं वळवायलाही तिसरी मोटर घातली, कारण जपानची ती काडेपेटीएवढी मोटर भाराखाली नुसतीच कुंथत होती. ट्रक वळायला लागला, आणि छान वळायला लागला. फक्त उद्यमनगरात दुरुस्तीला आलेले तीन ट्रक वायपरविना परत गेले आणि नेमका परतीचा पाऊस आला. त्या ड्रायव्हरांनी आमच्या घराण्यांचा जो उद्धार केला तो छापता येणार नाही.

*

राहिला चढ. काटा जमिनीपासून हातभर उंच, त्यावर जायला पत्र्याचा उतार. गाळ्यात तसाच पत्रा मांडून आम्ही सराव करत होतो. माझं टायर तिथं घसरायला लागलं. मला कुणी काही बोललं नाही, पण सगळे टायरकडं बघत होते, आणि मला राग त्याचाच आला. पंधरा वर्षं जिल्ह्यातल्या गाड्यांना रबर चढवणारा माणूस मी, आणि एका खेळण्यापुढं माझी अब्रू जाणार? घरी भांडून आलो आणि रात्रभर भट्टीपाशी बसलो. मऊ रबर घेतलं, नक्षी खोल कापली, ते चाकांवर चढवलं. दुसऱ्या दिवशी ट्रक अर्धा चढला. मग एक चाक पत्र्याच्या कडेवरून उतरलं, ट्रक कलंडला, आणि दगड खाली फरशीवर पडून फरशीचे दोन तुकडे झाले.

मागं वळून बघतो तर दारात आप्पा! शहरातल्या पाहुण्यांना भेटून गावाला जाता जाता डोकावले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले नाहीत. फुटलेल्या फरशीकडं त्यांनी बघितलं, विश्वासकडं बघितलं, पटका सारखा केला आणि निघून गेले.

विश्वास त्या दिवशी चहाला आला नाही. रज्जाकनंही कुणाची थट्टा केली नाही. आम्हाला सगळ्यांनाच भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राणही राहिलं नव्हतं.

*

पाडव्याची सकाळ. शेटच्या दुकानापुढं ही गर्दी. व्यापारी, हमाल, गावोगावचे शेतकरी. आप्पा पांढराशुभ्र पटका बांधून काट्याच्या कडेला उभे. विश्वासच्या हातात डबी, आणि शेजारी गोडबोले डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

ट्रक निघाला. रवा हौद्यात मधोमध, वर हळदीकुंकू. वळण आलं आणि ट्रक असा वळला की गर्दीतनं शिट्ट्या आल्या. दुसरं वळणही झालं. समोर फक्त पत्रा राहिला होता. पुढची चाकं पत्र्यावर चढली तसे शेट आनंदानं पुढं आले. ट्रकचा मान म्हणून त्यांनी नारळ घेतला आणि तिथंच, पत्र्याच्या काठावर, फोडला!

सगळं पाणी उतारावर.

मागची चाकं पाण्यात आली आणि जागच्या जागी फिरायला लागली. माझं मऊ रबर, माझी खोल नक्षी, सगळं नुसतं गुळगुळीत. ट्रक थांबला. मग बोटभर मागं आला आणि एका अंगानं कडेकडं सरकायला लागला. एक हमाल रवा धरायला धावला, पण शेट ओरडले, "हात लावू नका, मुहूर्ताचा हाय!" हमालाचे हात हवेतच राहिले. विश्वासचा अंगठा खटक्यावर पांढरा पडला होता. वायपरच्या मोटरी नुसत्या घरघरत होत्या.

आप्पांनी डोक्यावरचा पटका काढला.

मार्केटात, चार गावच्या माणसांत, बोडक्या डोक्यानं ते वाकले. ट्रकला हात लावला नाही, रव्याला लावला नाही. पटका उलगडून त्यांनी मागच्या चाकांपुढं सारला आणि विश्वासकडं न बघता म्हणाले, "घे आता."

चाकांनी कापड धरलं. पटका आत ओढला गेला, ट्रकनं एक हिसका घेतला आणि रव्यासकट सरळ काट्यावर चढला!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू. शेट व्यापाऱ्यांना मिठ्या मारत होते. रज्जाक रडत होता आणि डोळ्यात रंग गेला म्हणून सांगत होता. बोली सुरू व्हायची होती. आप्पांनी पटका उचलला. नारळाच्या पाण्यानं ओला, आणि मधोमध माझ्या टायरचा काळाकुट्ट पट्टा. तो पट्टा बरोबर कपाळावर येईल असा त्यांनी पटका परत बांधला.

शेटचं लक्ष गेलं. ते म्हणाले, "आप्पा, दुसरा मागवतो. त्याला डाग पडलाय."

आप्पांनी त्या सकाळी पहिल्यांदा विश्वासकडं बघितलं.

"डाग न्हाय त्यो," ते म्हणाले. "चाकोरी हाय."