लेकीच्या घरचा घास

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. आबांच्या अन्ननलिकेत गाठ होती आणि ती काढायचीच होती, पण असल्या अंगावर सुरी चालवणार नाही म्हणाले. "आधी वजन वाढवा, चाला, फुप्फुसं तयार करा. महिनाभर घ्या. मग तारीख देतो." आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटी चालवलेला दणकट माणूस. आता शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. दवाखाना जळगावात, माझ्या घराजवळ, म्हणून या तयारीसाठी भावाने त्यांना अमळनेरहून माझ्याकडे आणून सोडलं.

सोबत पिशव्या होत्या. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, तांदूळ, डाळ, तूप, गूळ, दुधाची पावडर, अगदी चहा-साखर आणि पिण्याच्या पाण्याचे जारसुद्धा. मी दारातच पेटले. आमच्याकडे चाल आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. बहुतेक बाप वर्ष-दोन वर्षं पाळतात, मग जावयाचा आग्रह मोडवत नाही म्हणून ताटावर बसतात. आबांनी ती माझे केस पांढरे होईपर्यंत पाळली. धुळ्यापासून सावद्यापर्यंत एकाही स्टँडचं कँटीन त्यांनी सोडलं नाही, पण गाडी जळगावला थांबली की माझ्याकडे येत, गप्पा मारत आणि घोटभर पाणीही न पिता जात. मला मूल झालं नाही. ते तसे कोरडे उठून गेले की वाटे, माझ्या दारावर पाटी लावून गेले.

व्यायामात मात्र त्यांची कुचराई नव्हती. पहाटे मेहरूण तलावाला माझ्याबरोबर फेरी मारत. धाप लागली की बाकावर बसत आणि म्हणत, "इंजन तापनं." घरी आले की खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. मग ते प्लास्टिकचं यंत्र, नळीतून श्वास ओढून तीन गोळ्या वर उचलायच्या. दोन उठत, तिसरी जागची हलत नसे. "ही घाट चढत नही," म्हणत पुन्हा नळी तोंडात धरत. सासरी राहून माझी अहिराणी सुटली, त्यांची कधी सुटली नाही.

अडलं होतं ते खाण्याशी. आहाराच्या मॅडमनी दर दोन तासांनी काहीतरी घ्यायला सांगितलं होतं: अंडी, पनीर, घट्ट दही, केळं घातलेलं दूध. सगळं माझ्या फ्रीजमध्ये होतं आणि आबा त्याला शिवत नव्हते. अमळनेरच्या पिशवीतलं तेवढंच चाले, आणि पिशवीतून नासणारं काय येणार? भाकरी घशातून उतरत नव्हती, ती पावडरीच्या दुधात कुस्करून चमच्याने भरवायची. तुमच्याच पेन्शनमधून अंडी आणते म्हटलं, तर म्हणाले, "चालमा पळवाट नही." माझ्या नवऱ्याने हात जोडून पाहिले. आबा त्याच्याकडे बघून नुसते हसले.

पुढच्या तपासणीला वजन वाढायचं सोडून घटलेलं निघालं. असंच राहिलं तर ऑपरेशनचा विचार सोडावा लागेल, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, आबा, मला मूल होणार नाही. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, वयही सरलं. त्या न झालेल्या लेकरासाठी तुम्ही उपाशी मरणार आहात का? अजून किती वेळा मला ते दाखवणार आहात?

मी असं काही मनात धरलं असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"दाखाडत नही व्हतू, बेटा," ते म्हणाले. "मी तुना घर जेवनू म्हनजे मी आस सोडी दिधी. तुना सासरनासनी सोडी, तू बी सोडी. कोनी तरी धरी ठेवाले जोयजे ना."

इतकी वर्षं जी पाटी मला दारावर दिसत होती, ती तिथे नव्हतीच. एक म्हातारा माणूस माझ्यासाठी एकटाच वाट बघत बसला होता. मला रडू आवरेना. ते उठले, हात धुतले, ताटावर येऊन बसले. "तुना घरमा जे शे ते वाढ."

मी अंडं उकडून तुपात कुस्करलं. त्यांनी पहिला घास घेतला, तो गाठीपाशी अडखळत खाली गेला. ज्या घासासाठी मी भांडले होते, तोच मला बघवत नव्हता. माझं मूल त्या क्षणी खरोखर गेलं असं वाटलं.

त्यानंतर ते सगळं खाऊ लागले. केळ्याचं दूध, दही, पातळ वरण, वाफवलेलं पनीर. मिठाला नावं ठेवू लागले. आई गेल्यापासून माझ्या स्वयंपाकाला कोणी हक्काने नावं ठेवली नव्हती, मला ते फार गोड लागायचं. वजन सरकू लागलं. तिसरी गोळी एकदा टुणकन वर गेली तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना आत नेण्यापूर्वी मी स्ट्रेचरपाशी उभी होते. त्यांनी खुणेने मला खाली वाकायला सांगितलं.

"बरा व्हयनू का तुना घरनं पानी बी पिवाव नही मी," ते कानाशी म्हणाले. "आतेच सांगी ठेवस."

नका पिऊ, मी म्हटलं. उपाशी बसा, भांडा, काहीही करा, फक्त घरी या.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर छातीत जंतू शिरले आणि आठवडाभरात आबा गेले. त्यांची तयारी चांगली झाली होती, असं डॉक्टर मला दोनदा म्हणाले. आता माझ्या घरी जो येतो तो पोटभर जेवून जातो; कोरडं उठून जाणारं कुणी उरलं नाही.