पंप गप झाला का?

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते शिरलं. अंबरनाथला कारखान्याची बस चालवण्यात उभा जन्म गेला, आणि रिटायर होतात न होतात तोच पोटाचं ऑपरेशन होऊन कमरेला शौचाची पिशवी लागली. एसटीने प्रवास करायची सोय उरली नाही. पिशवी कधी भरेल नेम नाही, आणि भरली की वाहतं पाणी लागतंच. तिकडे देवगडजवळ ह्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आई लवकर गेली, मग ह्या बहिणीनेच ह्यांना वाढवलं. तिला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच मागणं. म्हणून शाळेची जुनी व्हॅन आणली आणि तिच्यात बिछाना, टाकी, संडास, बेसिन सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. मी म्हटलं, "डोंबल तुमचं! मांजर्लीत चांगलं घर असताना गाडीत कसला संसार मांडताय?" पण मनातून मलाही जायचंच होतं.

सगळं जमलं आणि नडला तो पंप. पोळ्यांच्या डब्याएवढा, बॅटरीवर चालणारा. नळ सोडला की आपोआप सुरू व्हायचा, नळ बंद केला की पाण्याचा दाब धरून गप बसायचा. म्हणजे बसायला हवा होता. मेला सगळे नळ बंद असले तरी टकटक करतच राहायचा.

"गप होत नाही म्हणजे कुठेतरी गळतंय," हे म्हणाले. "हा गप झाला की निघालोच आपण."

मग ह्यांनी नळ बघितले, जोड बघितले, जाळी काढून धुतली. पाइपांना जुनी बनियन गुंडाळून ओल कुठे लागते ते चाचपलं. टिपूस सापडेना. वाकलं की पिशवी ओढली जायची, चेहरा पांढराफटक पडायचा. मी गॅलरीतून ओरडायचे, "अहो, पुरे! तो सुधारेपर्यंत तुम्ही बिघडाल!" माझा आवाज सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे.

एकदा हे पिशवी बदलायला वर आले आणि खाली शेजाऱ्यांनी गाडीचा ताबा घेतला. आमच्याकडे मोटर बिघडली की औषध एकच. खालच्या टाकीची मोटर नुसतीच घरघरली, पाणी वर चढेना, की "हवा धरली" म्हणायचं आणि तिच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतायचं. ह्या पंपाला तसलं तोंडच नव्हतं. तर त्यांनी मिळेल ते झाकण खोललं आणि ओतलं. झाकणाखाली होत्या वायरी. चर्र झालं. मी खाली जाऊन एकेकाची अशी हजेरी घेतली की सोसायटीचा सेक्रेटरी तांब्या तिथेच टाकून पळाला. हे मात्र म्हणाले, "जाऊ दे गं. चांगल्यासाठीच केलं त्यांनी."

वाळल्यावर पंप सुरू झाला, पण धाप लागल्यासारखा. मी तो मांडीवर घेऊन शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. दुकानदाराने उलटापालटा करून बघितला. "भाभी, इसका प्रेशर का स्विच अलग से नहीं आता. पानी के फिल्टरवाला लगा देता हूँ. चला तो चला."

चालला. टकटकही तशीच चालली. तोवर ह्यांचं खाणं तुटलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मला एकटीला आत बोलावलं आणि म्हणाले, आता घरीच ठेवा. दवाखान्याचा जिना मी रडतच उतरले. ह्यांना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. विचारायचे ते फक्त पंपाचं.

मग पलंगावरून हुकूम सुटायला लागले. "बेसिनखालचा क्लॅम्प आवळ. स्विच लाव. नळ सोड, बंद कर, आणि कान देऊन ऐक." मी पाना घेऊन खाली जायचे, आवळायचे आणि फणफणत वर यायचे. "नाही झाला गप तुमचा लाडका! उद्या नेऊन नदीत टाकते त्याला!" हे हसायचे. त्या हसण्यासाठी मी जरा जास्तच फणफणायचे.

एके दिवशी संध्याकाळी स्विच लावला तर आवाजच नाही. नळ सोडला, पाणी नाही. फ्यूज बदलला, वायर हलवून बघितली. बॅटरी ठीक होती, गाडीतला दिवा लागत होता. पंपच मेला होता. मी बेसिन धरून खालीच बसले. आता कसलं देवगड आणि कसली बहीण. रडू यायला हवं होतं, तेही येईना.

वर आले. ह्यांनी डोळे उघडले.

"झाला का गप?"

"झाला." खोटं नव्हतंच ते.

"टकटक?"

"अजिबात नाही."

ह्यांनी हात पुढे केला, मी तो धरला. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पंप गप झाला ते कळलं," म्हणाले. "पण तू का गप झालीस?"