“अहो, ही चालेल ना?”

मागच्या डिसेंबरातला पहिला शुक्रवार, दुबईजवळचं रास अल खैमा बंदर. हजर: आई, नवरा, मुलगी आणि मी. क्रूझचं बुकिंग बाबांचंही होतं, पण ते गणपतीच्या आधीच गेले. आज फ्रीजर आवरताना सुक्या मासळीचा वास आला आणि ते बंदर आठवलं. खारा वारा होता, बाजारात मांजरं फिरत होती. आईने सुक्या सुरमईचा तुकडा उचलला आणि सवयीने मागे वळून विचारलं, “अहो, ही चालेल ना?” मागे कुणीच नव्हतं. दुकानातल्या रत्नागिरीच्या माणसाला वाटलं, त्यालाच विचारलं. “चालेल की, काकू! साहेब खूश होतील.” आईने डोळे पुसले. “बांधून द्या. ह्यांना आवडते.” ती पुडी मी आजही परत आत ठेवली. कालवण करायचं राहिलंय.