युसूफचाचांचा पेचकस

जुनी विलायती मोटरसायकल घेतली की तिच्याखाली दोन गोष्टी जमत जातात. ऑइल अन् किस्से. ऑइल निदान फडक्यानं पुसता येतं.

आमची टोळी चार जणांची. दर रविवारी सकाळी नांदेडला देगलूर नाक्यावर युसूफचाचांच्या गॅरेजात भरते. चाचा मिस्त्री. जळकोटचे माणिकअण्णा शेतकरी, वडिलांची बर्मिंगहॅमची साडेतीनशे सीसीची गाडी अजून दामटतात. लातूरचे दीक्षित सर शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. चौथा मी. माझं मोबाइलचं दुकान हाय, गाडी न्हाई. मला टोळीत का घेतलं हे मी विचारलं न्हाई, त्यांनी बी सांगितलं न्हाई.

*

अण्णांची गाडी गळते, उभी राहिली की जास्तच. म्हणून अण्णा मागं स्टीलची परात बांधूनच हिंडतात. जिथं थांबतील तिथं इंजिनाखाली परात.

पुतणीसाठी स्थळ बघायला उदगीरला गेले. अंगणात गाडी लावली, परात सारली, आत जाऊन पोहे खाल्ले. इकडं त्या घरच्या बाईनं परात बघितली अन् घासून लख्ख केली. आता पाहुण्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? भुईमुगाच्या शेंगांनी शिगोशीग भरून दिली!

अण्णा शेंगा घेऊन निघाले. गाडी वाटभर गळत आली, अन् जिथं चहाला थांबले तिथं खाली ठेवायला परात न्हाई, कारण परातीत शेंगा.

दुसऱ्या दिवशी मुलाकडचे जळकोटला दारात हजर. अण्णा म्हणाले, "अहो, पत्ता द्यायचा राहिलाच होता! घर कसं सापडलं?"

मुलाचे वडील म्हणाले, "डाग बघत आलो. तुमच्या दारात सगळ्यात मोठा हाय."

लग्न जमलं.

*

चाचांची तपासायची मशीन म्हणजे एक जुना लांब पेचकस, स्क्रूड्रायव्हर. गाडी चालू करायची, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. कोणता नट ढिला हाय ते चाचा आतलं न बघता सांगायचे.

मी एकदा दुसऱ्या एका इंजिनातली ढिल्या टॅपेटची खडखड मोबाइलमध्ये रेकॉर्ड केली अन् अण्णांच्या गाडीच्या शिटाखाली मोबाइल लपवला. चाचांनी पेचकस लावला. अर्धा मिनिट ऐकलं.

"अण्णा, इंजिन बढिया हाय. पण शिटाखाली एक बीमार हाय."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "काढून घे बेटा. गरम होऊन राहिला."

*

सरांची गाडी थॉर्नबी. घेतली तेव्हा ती गाडी नव्हती, दोन पोती होती. सर अकरा वर्षं जुळवून राहिले होते. लातूरच्या त्यांच्या घरात व्हॉल्व्ह देव्हाऱ्याखाली, स्प्रिंगा चहाच्या डब्यात. काकू बिचाऱ्या साखर हुंगून घ्यायच्या.

एकदा जेवताना सरांच्या दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. बाहेर काढलं तर वॉशर! सर पानावरून उठलेच, "हाच! हाच तो! दोन वर्षं शोधत होतो!"

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, वरण तरी बरं झालंय का?"

सरांनी वरण आणखी दोनदा मागून घेतलं. तसला अजून एक वॉशर सापडायचा होता.

*

थॉर्नबी कंपनी विलायतेत कधीच बंद पडली होती. मध्यंतरी कुणीतरी ते नाव विकत घेऊन पुन्हा गाड्या काढायचं ठरवलं. सर इतके खूश झाले की टोळीला पेढे वाटले. त्यांना इंजिनाच्या सांध्यात बसवायचं एक गॅस्केट पाहिजे होतं. मी इंग्रजीत मेल पाठवला.

उत्तर आलं. आमच्याकडं जुन्या इंजिनाचं एकही ड्रॉइंग उरलेलं नाही, तुमच्याकडं असलं तर पाठवाल का?

कंपनीच सरांना विचारून राहिली!

सरांनी पंधरा दिवस बसून सगळं इंजिन समोरून, वरून, बाजूनं काढलं. शेडिंग केलं. खाली सही केली. महिन्यानं पार्सल आलं. आम्ही चौघांनी मिळून फोडलं. आत टीशर्ट. छातीवर थॉर्नबी.

चाचांनी तो उलटापालटा करून बघितला. "ओरिजिनल पार्ट हाय सर. पण फक्त मिस्त्रीला बसतो." तेव्हापासून तो त्यांच्या अंगावर हाय. गॅस्केट त्यांनी स्वतः कापून बसवलं.

*

यंदा मी तीच मोबाइलची चेष्टा पुन्हा केली. आवाज बी फुल ठेवला. चाचांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले, अन् म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास."

शिटाखाली खडखड चालूच. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं. मी मोबाइल गुपचूप खिशात घातला. 

पुढच्या रविवारपासून चाचा पेचकसाची मूठ दातात धरून, जबड्याच्या हाडानं ऐकायला लागले.

अण्णांनी जवळ जाऊन विचारलं, "दातात कशाला, चाचा?"

"कानाला खाज हाय."

ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची न्हाई असं आम्ही ठरवलं. विलायती इंजिनाच्या मिस्त्रीला ऐकू येत न्हाई म्हणल्यावर नाक्यावर गाडी कोण लावणार?

*

मग आमची ड्युटी सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की आम्ही त्याचं बोलणं चाचांच्या तोंडासमोर जाऊन ओरडायचो. भांडण चालल्यासारखं.

"काय म्हणता, क्लच घसरून राहिला? क्लच?"

"चढावर? चढावरच का?"

एक देगलूरचा गडी वैतागला. "इथं सगळेच बहिरे हायत का?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "हाव. चाचा सोडून."

*

चाचांनी एक दिवस स्वतःच जाहीर केलं. "सरांची गाडी चालू झाली की शटर खाली. गुडघे दुखून राहिले."

गुडघ्याचं नाव ऐकून सरांनी मान खाली घातली. त्यानंतर सरांच्या गाडीचं काम लई हळू व्हायला लागलं. सर एक नट आणायचे अन् दोन घरी विसरून यायचे. काकूंनी शेवटी सगळे डबे स्वतः पिशवीत भरून पाठवले.

मागच्या रविवारी थॉर्नबी उभी राहिली. काकू लातूरहून नारळ घेऊन आल्या. अण्णांनी स्वतःची परात तिच्याखाली सारली. सरांनी किक मारली. एक. दोन. सातव्या किकला ती खोकली अन् धडधडायला लागली. अकरा वर्षांनी! काकू एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही बोलते की!"

चाचांनी पेचकस दातात धरला, टोक इंजिनाला टेकवलं, डोळे मिटले. डाव्या हातानं कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला. अजून केसभर. धडधड बसली, एकसारखी झाली. मिसफायर, म्हणजे ठोका चुकणं, थांबलं. चाचा हसले अन् शटर ओढायच्या आकड्याकडं बघितलं.

माझ्याच्यानं राहवलं न्हाई. मी हळूच, सरांना बी ऐकू जाणार न्हाई असं बोललो, "चाचा, तुम्हाला ऐकू येत न्हाई ते आम्हाला ठाऊक हाय. शटर खाली ओढू नका."

चाचांनी माझे ओठ हललेले बघितले. गाडी बंद केली.  पेचकस पुन्हा दातात धरला, अन् त्याचं टोक माझ्या छातीच्या हाडावर टेकवलं. दातांतूनच म्हणाले, "पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो. सगळं. आवाज जरा फाटला.

चाचांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं. मग पेचकस काढला, थॉर्नबीच्या टीशर्टाला पुसला.

"मिसफायर करून राहिलाय. उद्या सकाळी नऊला शटर उघडलं की घेऊन ये. खोलून बघावं लागंल."