न शिकवलेला वेढा

अंबाडीचा दोर घ्यावा तर लोटनचा, असं शिरपूरच्या बैलबाजारात म्हणत. दोर लोटन वळायचा हे खरं. पण टोकाची गाठ त्याची बायको झुंबरबाई बांधायची. टोक नुसतं सोडलं तर महिन्याभरात त्याचा झाडू होतो. झुंबरबाई तीन पदर उकलून एकाखालून एक काढी, शेवटचा वेढा आत खुपसून ओढी, की बोराएवढी गाठ बसे. बैल म्हातारा होई, गाठ सुटत नसे. पस्तीस वर्षं लोक तिला ‘लोटनची गाठ’ म्हणत आले.

यंदा गावात मुलींसाठी दोरकामाचा महिनाभराचा वर्ग निघाला. शिकवणारा म्हणून नाव लागलं लोटनचं. तो खुर्चीत बसून बैलांच्या गोष्टी सांगे. खाली सतरंजीवर झुंबरबाईचे हात चालत. मुली त्याला सर म्हणत, हिला काकू.

“कागदवर मनं बी नाव लिखा ना,” एकदा जेवताना ती म्हणाली. “शिकाडस तर मीच.”

लोटन भाकर मोडत हसला. “एकच घर शे ना? तुनं काय नि मनं काय. आनि सही येस का तुले?”

सही तिला येत होती. बचत गटात शिकून सहा वर्षं झाली होती. त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने वर्ग चालवणाऱ्या सुलक्षणाताईंना विचारलं. त्या गोड बोलल्या, “मावशी, लोटननानांचं आहे की. एका घरातली दोन नावं वर चालत नाहीत.”

त्याच दिवशी टोकाची गाठ शिकवायची होती. झुंबरबाईने सगळं सावकाश, दोनदोनदा दाखवलं. शेवटचा वेढा तेवढा स्वतःपाशी राखून ठेवला. दिसायला गाठ तशीच दिसे.

परीक्षेच्या दिवशी तपासायला आलेल्या साहेबांनी ओढल्या, तशा सतराच्या सतरा गाठी सुटल्या.

“झुंबर, दाखाड ना यास्ले,” लोटन घाईने म्हणाला.

“सर तुम्हीन शेतस. तुम्हीनच दाखाडा.”

लोटनने दोर घेतला, पदर उकलले आणि ते तसेच धरून बसला.

रोज झुंबरबाईसाठी घरून ताक आणणारी डिंपल रडवेली झाली होती. “काकू, माझंच काहीतरी चुकलं,” म्हणत तिने पुन्हा गाठ बांधायला घेतली. तशीच, शेवटच्या वेढ्यावाचून. झुंबरबाई तिच्या बोटांकडे बघत राहिली.