बशी काय म्हणतेय?

गाडी घेतल्याची गोष्ट सांगतो म्हटलं की तुम्ही लगेच सरसावून बसणार. मायलेज किती, बॅटरी किती चालते, पुढे विकताना काय भाव येतो. त्यातून दोन छोट्या एसयूव्ही, एक हायब्रिड आणि एक इलेक्ट्रिक, म्हणजे तर तुम्ही कागद-पेन घेऊनच बसला असाल. ठेवा खाली. इब्राहिमचाचांनी त्या दोन गाड्यांमधली एक निवडली ती चहाच्या बशीवर. कपातला चहा बशीत ओतला, बशी माझ्या हातात दिली, मला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालू केली. झाली परीक्षा. माझी पांढरी पॅन्ट त्यात कामी आली, पण तिची चौकशी आजवर कुणी केली नाही. तुम्हीही करू नका.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. शारजाला रोल्ला भागात त्यांचं काचेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि शेजारच्या मोबाइलच्या दुकानात मी काउंटरवर. मी जामखेडचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून शिपायाकडून घंटा लवकर वाजवून घेतलेला मुलगा. तीच खोड घेऊन विमानात बसलो. रोल्लात तर काय, मेजवानीच. मलबारी ग्रोसरीवाला, पठाण टॅक्सीवाला, आमचा "यल्ला यल्ला, खलास करो" म्हणणारा मालक, गिऱ्हाईक नसलं की सगळ्यांचे आवाज काढायचो. एक दिवस चाचा दारात येऊन उभे राहिले.

"तू तो नकल्या ना? माझा काढ बघू."

मी काढला. घसा जरा खरवडून, शेवटचा शब्द नाकातून सोडून. चाचांनी शांतपणे ऐकला आणि आत वळून बायकोला विचारलं, "नूर, माझा आवाज एवढा फाटका हाय?"

आतून नूरचाची म्हणाल्या, "त्यानं बराच शिवून काढलाय."

चाचा असे हसले की शेल्फावरचे पेले किणकिणले. "बरं झालं. आता मी जेवायला गेलो तरी दुकानात माझा आवाज असेल." तेव्हापासून दुपारचा चहा त्यांच्याकडे. चाचा चहा बशीतून प्यायचे. दुकानात उंची कपांचे ढीग, आणि मालक फुंकर मारत बशीतून पितोय. पिता पिता गिऱ्हाइकाला सांगायचे, "काच कधी ओरडत नाय. तडकली की मग कळतं. म्हणून आधीच कान लावायचा." असं म्हणून खरंच डिशवर टिचकी मारून कानाला लावायचे.

नूरचाचींना गाडी लागायची. हे वाक्य मी आत्ता लिहिलं, पण त्या घरात कुणी बोलायचं नाही. बोलायचं झालं तर "पित्त" म्हणायचं. त्यांची लेक शबाना अबुधाबीला. तिथं जायला चाचांच्या जुन्या गाडीत बसलं की दुबई ओलांडायच्या आत चाचींचं पित्त खवळायचं. शबानाच्या पहिल्या बाळंतपणाला चाची गेल्या आणि पोचल्यावर स्वतःच आडव्या झाल्या. बाळंतिणीनं उठून आईला लिंबूपाणी करून दिलं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. आता दुसरं बाळ यायचं होतं आणि चाचींनी जाहीर केलं, "मी येणार नाय. जावयांना बाई ठेवायला सांगा."

"आई असताना बाई?" चाचा म्हणाले.

"आई पोचेपर्यंत आई उरते कुठं?"

 दुसऱ्या दिवशी चहा ओतताना चाचा मला म्हणाले, "गाडी बदलतो."

मग सल्ल्यांची दुकानं उघडली. जावई इंजिनीअर. फोनवर म्हणाले, "पप्पा, डोळे मिटून इलेक्ट्रिक घ्या. पेट्रोलचा वास नाही, थरथर नाही, मम्मींना कळणारसुद्धा नाही गाडी चाललीय ते." माझा मालक म्हणाला, "हबीबी, हायब्रिड. तुमच्या बिल्डिंगखाली वाळूचं मैदान आहे, चार्जर कुठं लावणार, खजुराच्या झाडाला?" चाचा दोघांनाही "इन्शाल्ला" म्हणाले. त्यांच्या "इन्शाल्ला"चा अर्थ असा की माझं मी बघतो.

अडचण एकच होती. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्या चाची शोरूमला यायला तयार नव्हत्या. "तिथं चारचौघांत मला पित्त झालं तर? मी काय तुमच्या परीक्षेला बसू?"

म्हणून परीक्षेला मी बसलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी चाचा थर्मास, कप आणि दुकानातली एक पसरट बशी घेऊन हजर. "आज तू चाची. मागे बसायचं. तिच्यासारखं बसायचं, तिच्यासारखं बोलायचं. उगाच हसवू नको, माझ्या शबानाचं बाळंतपण हाय ह्याच्यावर."

शोरूममध्ये हैदराबादचा सेल्समन, टाय लावलेला. त्यानं स्क्रीन दाखवायला सुरुवात केली. चाचा म्हणाले, "भाई, टीव्ही घर में है. मागचं दार खोलो." मी चढून बसलो, ओढणी सावरल्यासारखं केलं, दोन्ही गुडघे जुळवले आणि चाचींच्या आवाजात म्हणालो, "अहो, एसीचं तोंड माझ्याकडे नको." सेल्समननं दचकून मागं बघितलं. चाचांनी बशी भरून माझ्या हातात दिली. "सर, ये क्या है?" त्यानं विचारलं. चाचा म्हणाले, "मीटर."

पहिली हायब्रिड. चाचा चालवतायत, सेल्समन शेजारी, मी मागे बशी धरून. सिग्नल आला की चाचा विचारायचे, "बशी काय म्हणतेय?" मी चाचींच्या आवाजात सांगायचो, "डुलतेय, पण सांडली नाय." मध्येच इंजिन जागं व्हायचं तेव्हा चहावर बारीक सुरकुती यायची, तेवढीच. एका स्पीडब्रेकरला चाचा इतके अलगद गेले की मागच्या लँडक्रूझरवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला. चाचा आरशात बघून म्हणाले, "वाजव बाबा, तुझी बायको घरी हाय."

मग इलेक्ट्रिक. आवाज नाही, वास नाही. मी मनात म्हटलं, जावई जिंकले. पण त्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती आपोआप स्वतःला मागं ओढायची. चाचांनी पाय उचलला, चहा पुढे गेला. पुन्हा दाबला, चहा माझ्याकडे आला. "बशी काय म्हणतेय?"

"बशी रिकामी, पॅन्ट भरली."

सेल्समन म्हणाला, "सर, वो सेटिंग कम हो जाता है. आदत भी हो जाती है." त्यानं सेटिंग कमी केलं. चाचांनी पुन्हा बशी भरली. आता मी रंगात आलो होतो. चाचींचं पित्त कसं सुरू होतं ते दाखवायला लागलो. आधी बोलणं बंद, मग खिडकीकडे तोंड, मग रुमाल, मग तो घशातला आवाज. अगदी हुबेहूब. सेल्समन हसून गडाबडा. आणि गोल चौकात तिसऱ्या वळणाला तो आवाज मी काढेनासा झालो, तो आपला आपणच येऊ लागला. सकाळी खाल्लेला पराठा. खिडकी उघडायला वेळच मिळाला नाही.

चाचांनी गाडी कडेला घेतली, मला पाणी दिलं, माझी पाठ चोळली आणि सेल्समनकडे वळले. "आदत मला होईल रे. तिला कधी होणार?" हायब्रिडचं बुकिंग त्याच दुपारी झालं. इलेक्ट्रिक चांगली का हायब्रिड, हे मला आजही कुणी विचारू नये. माझ्या पराठ्याचं मत होतं ते मी दिलं.

गाडी आणायला मात्र चाची आल्या. लाल रिबिन, फोटो, सगळं. आणि त्या टायवाल्यानं किल्ली देताना मोठ्या प्रेमानं सांगितलं, "आंटी, अब उल्टी की टेन्शन नहीं! आपके लडके ने आपकी पूरी ॲक्टिंग करके टेस्ट किया है."

शोरूममधली सगळी माणसं वळली. चाचींनी आधी चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एका गाडीचा टायर फार बारकाईनं तपासायला लागलो.  रोल्लात उतरताना चाची एवढंच म्हणाल्या, "पित्त होतं ते."

पण त्या गेल्या. बाळ व्हायच्या आठवडाभर आधी चाचांनी त्यांना नेलं. मी पुढच्या सीटवर, मांडीवर बशी, ह्या वेळी नुसतं पाणी. दुबई मागे पडली. चाची खिडकीबाहेर बघत होत्या. चाचांच्या मानेवर घाम होता, एसी चालू असून. अबुधाबीचा पूल दिसला तेव्हा मागून आवाज आला, "तुमच्यात कुणी चिवडा आणलाय का?" चाचांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बघतोस काय, दे तिला!" दारात थोरली नात उभी होती. तिनं आजीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओरडली, "नानी, यू आर नॉट सिक!" चाचींनी सव्वा महिना लेकीचं आणि बाळाचं सगळं केलं. नंतर तर दर सुट्टीला जायच्या. बशी त्या गाडीत कायमची राहिली, पुढच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून.

चाचा गेल्या थंडीत गेले. दुपारी चहा ओतला आणि प्यायचा राहिला, इतकं साधं. दुकान आवरलं तेव्हा मी शेल्फं पुसत होतो आणि कुणीतरी पेल्याची किंमत विचारली. मी सवयीनं चाचांच्या आवाजात सांगणार होतो, घशातच ठेवली.

शबाना आईला कायमची अबुधाबीला न्यायला आली. सामान जावयांच्या गाडीत गेलं. चाची म्हणाल्या, "मी आपल्याच गाडीत येणार. नकल्या चालवेल." त्या मागच्या सीटवर त्यांच्या जागेवर बसल्या. पुढची सीट रिकामी. मी बशी बाहेर काढली, पाणी भरलं आणि तिथं ठेवली. शारजातून निघालो. पुढे एका वळणावर समोरच्यानं लेन बदलली, मी ब्रेक दाबला, पाणी हिंदकळलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, त्यांच्याच फाटक्या आवाजात, शेवटचा शब्द नाकातून, "बशी काय म्हणतेय?"

 आरशात बघायची माझी हिंमत होईना. मला वाटलं, आता रडतील. मग चाचींचा आवाज आला आणि तो काही रडका नव्हता.

"बशी म्हणतेय तुला लाज नाय! असा ब्रेक मारतात? अख्खी सीट भिजवलीस मेल्या. तुला काय वाटलं, गाडी चांगली होती म्हणून मी एवढी वर्षं जात होते? पाय त्यांचा होता तो. आणि तू त्यांचा आवाज काढतोस! आधी त्यांच्यासारखी चालव. मग काढ आवाज. आता गप पुढे बघ, आणि ती बशी परत भर."