दुसऱ्या हातातल्या बांगड्या

"कोण तुमी?" हाडाचा फोटो काढणाऱ्या माणसानं विचारलं.

मी जात सांगितली. त्यानं धरलेला माझा हात सोडला. सोडला कसला, टाकला. मनगट मोडलेलं होतं. टेबलावर आपटलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. मग त्यानं खुंटीवरचं फडकं काढलं, त्यात माझी बोटं धरली आणि हात उचलून काळ्या प्लेटवर ठेवला. चुलीवरचं तापलं भांडं उतरवतात तसा.

"बांगड्या," तो म्हणाला.

"वर सरकवू काय?"

"हात सुजला हाय. कुठं सरकवशील? काच फोटोत येते. हाड दिसत नाही."

खोटं बोलत नव्हता तो. काच फोटोत येतेच. पण मग त्यानं हात हलू नये म्हणून ठेवायचं लोखंडी वजन उचललं, माझा हात टेबलाच्या कडेला ओढला आणि घाव घातला. विचारलं नाही. थांब म्हटलं नाही. मोडलेल्या मनगटावर एकामागून एक. हिरव्या बांगड्या होत्या. मी ओरडले ते दुखलं म्हणून ओरडले, असं त्याला वाटलं असेल.

आमच्यात बाईच्या बांगड्या अशा एकदाच फोडतात. कधी, ते मराठी माणसाला सांगायला नको. आणि तो माणूस मराठीच होता. नागपूरचा. त्याच्या आईच्या हातातही बांगड्या असतीलच. माझा नवरा बाहेर ओसरीवर उकिडवा बसला होता. जिवंत. धडधाकट. भिंतीपलीकडून त्यानं आपल्या बायकोच्या बांगड्या फुटताना ऐकल्या.

त्या माणसानं प्लेटवरचे तुकडे फुंकून खाली पाडले. प्लेटवर ओरखडा पडला का ते बोटानं चाचपून पाहिलं. माझ्या मनगटातून रक्त येत होतं, ते नाही पाहिलं. मग तळवा पालथा ठेवला, बोटं जराशी आत वळवली, म्हणजे मनगट प्लेटला चिकटून बसतं. एक फोटो. मग हात कडेवर उभा केला, अंगठा वर. दुसरा फोटो. प्रत्येक वेळी तेच वजन कोपराजवळ हातावर ठेवलं. ज्यानं बांगड्या फोडल्या, तेच. "हलू नको," एवढंच म्हणाला. मी हलले नाही. मला हलताच येत नव्हतं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. गावात दुसऱ्याच्या बांधावर राबायचो. भिलाईला मोठा कारखाना उभा राहून राहिला, हाताला काम मिळते, असं कोणीतरी सांगितलं, तसे नवरा, सासू आणि मी गाडीत बसून आलो. मरोद्याच्या बाजूला झोपड्या पडल्या होत्या, त्यात आमची एक. नवरा खोदकामावर. मी घमेल्यावर. डोक्यावर काँक्रिटचं घमेलं घेऊन लाकडी फळीवरून चढायचं, ओतायचं, उतरायचं. एके दिवशी फळीवर माझा पाय सटकला. पडले ती हातावर. मुकादम म्हणाला, दुर्गच्या वाटेवर एका डॉक्टरचा खाजगी दवाखाना आहे, तिथं फोटोचं मशीन आहे, तिथं जा. गेलो. आणि हे असं झालं.

फोटो वाळेपर्यंत थांबायचं होतं. मला दाराशी, जमिनीवर बसवलं. तेवढ्यात एक साहेब आपल्या बायकोला घेऊन आले. बाई न्हाणीत घसरल्या होत्या. त्यांचंही मनगट. त्यांचाही डावाच हात. ओसरीवर माझ्या आधीपासून लोक बसले होते, पण बाईंना सरळ आत नेलं. साहेब दारात उभे, म्हणून दार उघडं राहिलं आणि मला सगळं दिसलं.

बाईंच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या आणि पाटल्यांच्या मधे काचेच्या बांगड्या. हिरव्याच. माझ्यासारख्याच. तो नागपूरचा माणूस त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. वाटीत पाणी आणलं. साबण आणला. बाईंच्या हाताला फेस लावला, अंगठा आत दाबला, एकेक बांगडी अलगद फिरवत उतरवली. उघड्या हातांनी. फडकं नाही. "वहिनी, जरासं दुखेल हं," म्हणाला. आणि एक अडकली तेव्हा म्हणाला, "वहिनी, एखादी वाढली तर चालेल ना?"

वाढली. बघा. त्यांच्या हातातली फुटलेलीसुद्धा वाढते. सवाष्णीच्या बांगडीला फुटली म्हणू नये, हे त्याला माहीत होतं. जीभ तयार होती त्याची. साबण तयार होता. हे सगळं त्या खोलीत आधीपासून होतं, मी आत होते तेव्हाही होतं. त्या दिवशी माझं मन जे मोडलं ते हाडापेक्षा वाईट मोडलं. वजन पडलं तेव्हा मला वाटलं होतं की गरज असेल, फोटोची रीतच असेल. साबण दिसला आणि कळलं, रीत माझ्यापुरतीच होती.

प्लास्टर घालून घरी आले. सासूनं माझा हात पाहिला. मोकळा. उंबऱ्यातच अडवलं मला.

"बांगड्या?"

"फोडल्या त्यायनं. फोटोसाठी."

"आन् तू फोडू देल्ल्या?" ती मटकन खाली बसली. "माह्या पोरगा जित्ता हाय, व बाई. जित्ता हाय माह्या पोरगा."

नवरा मुळातच कमी बोलणारा माणूस. रविवारी सुपेल्याच्या बाजारात गेला आणि कागदात बांधून हिरव्या बांगड्या घेऊन आला. दोन्ही हातांच्या. एका हाताला तर प्लास्टर. मी म्हटलं, कशाला आणल्या, घालणार कुठं? तो माझ्यापुढे बसला आणि दोन्ही हातांच्या बांगड्या माझ्या एकाच हातात भरल्या. उजव्या. बांगडी भरणं हे काही पुरुषाचं काम नाही, त्याला जमेना. माझी बोटं दाबून दाबून लाल केली त्यानं. कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हात भरला.

"झालं," तो म्हणाला. "आता किती फोडतीन."

तो हसला.

प्लास्टर निघायच्या आत तो गेला. ताप आला, डोक्यात चढला, मला ओळखेनासा झाला आणि गेला. त्याला अंगणात घेतलं तेव्हा आसपासच्या झोपड्यांमधल्या बाया आल्या. एकीनं दगड आणला. माझा उजवा हात धरला. मी हात मागे ओढला. का ओढला, मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी काही लढत नव्हते. त्यानं आपल्या हातानं भरलेल्या होत्या, एवढंच डोक्यात होतं. तो समोर झोपलेला होता आणि त्याच्यासमोर मला त्या फोडू द्यायच्या नव्हत्या. मी हात पोटाशी घेऊन प्रेतावर पडले. बायांनी ओढलं, सुटला नाही.

सासू म्हणाली, "राहू द्या. तिनं फोडून आणल्या तवाच मेला तो. आता काय फोडता?"

तिथून पुढे झोपडीत तेच. भाकरी वाढताना तेच, पाणी भरताना तेच. तूच खाल्लं. तूच फोडू दिल्या. लपवत नाही, मलाही तेच वाटायला लागलं होतं. रात्रंदिवस कानात ते वजन वाजायचं. मी हात ओढून घेतला असता तर? मी उठून पळाले असते तर? वाकड्या हाडानं जगले असते, पण तो राहिला असता. नवरा गेल्याचं दुःख एक, आणि त्याला आपणच मारलं हे दुसरं. बाईला रडू तरी येतं का मग? मला येत नव्हतं. उजव्या हातातल्या बांगड्या मात्र मी काढल्या नाहीत. लोक थुंकायचे. निर्लज्ज म्हणायचे. मी मान खाली घालायचे, पण काढल्या नाहीत.

प्लास्टर कापायचा दिवस आला. सासू सोबत आली. मी बरी व्हावी म्हणून नाही. माझा हात घमेलं उचलेल की नाही, ते तिला बघायचं होतं. तिचंही खरं होतं, आता घरात कमावणारी मीच होते.

तीच खोली. तेच टेबल. तोच माणूस. डॉक्टरनं प्लास्टर कापून मला आत पाठवलं. हात काडीसारखा झाला होता, पांढरा, वाकडा. मी स्टुलावर बसले आणि मान खालीच होती म्हणून मला टेबलाखालचा डबा दिसला. घासलेटचा असतो तसा पत्र्याचा डबा, वरून कापलेला. तो बांगड्यांनी भरला होता. फुटलेल्या. हिरव्या, लाल, पिवळ्या. आमच्या भागातल्या, छत्तीसगडी बायांच्या, तेलगू बायांच्या. लाखेच्या सुद्धा. कारखान्यावर घमेलं उचलणाऱ्या बायांचे हात मोडत होते आणि त्यांच्या बांगड्या इथं जमत होत्या.

मी त्या डब्याकडे बघत राहिले. एवढ्या बांगड्या. यांच्यातल्या कितीतरी बाया मी ओळखत असेन. नळावर भेटणाऱ्या, फळीवर माझ्या पुढे-मागे चालणाऱ्या. त्यांचे नवरे? संध्याकाळी परत येत होते. जेवत होते. बायकांना मारत पण होते. बांगडी फुटल्यानं नवरा मेला असता तर हा कारखाना बांधायला माणूस उरला नसता.

माझ्या छातीवरचा धोंडा सरकला आणि मला रडू फुटलं. त्याच्या मरणाचं पहिलं रडू. तो तापानं मेला होता. मी नाही मारलं त्याला. मी नाही मारलं.

"रडतेस कावून?" तो माणूस म्हणाला. "दोन्ही हात ठेव. डॉक्टरले दोन्ही सोबत पाह्यचे हायेत." आणि उजव्या हाताकडे बघून त्यानं वजन उचललं.

"फोडायच्या नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मी काढीन. साबण द्या."

"साबण तुह्यासाठी ठेवला काय इथं?"

"त्या बाईच्या हाताले लागला, तो माह्या हाताले कावून नाही लागत?"

दारातून सासूचा आवाज आला. "फोडा ना, बाप्पा. इचा नवरा मेला. इच्या फोडाच लागतात."

आता तो माणूस हसला. त्याला हक्कच मिळाला. माझ्या एका बाजूला वजन होतं, दुसऱ्या बाजूला माझ्याच घरची बाई. मी पायानं तो डबा टेबलाखालून ओढला आणि दाराकडे ढकलला.

"आत्या, पाहा याच्यात. यायचे सगळ्यांचे नवरे मेले काय?"

सासूनं पाहिलं. वाकून पाहिलं. मला जवळ घेतलं नाही, ती तशी बाई नव्हती. पण पुन्हा "फोडा" म्हणाली नाही.

मी उठले. मोरीवरचा साबण मी माझ्या हातानं उचलला.

"बाटवला ना," तो ओरडला.

"मंग आता माह्याच झाला. तुमी दुसरा आणा."

प्लास्टरमधून नुकत्याच निघालेल्या हातानं मी त्या काढल्या. बोटं वळत नव्हती. अंगठ्यात ताकद नव्हती. बाहेर लोक खोळंबले, डॉक्टरनं दोनदा हाक मारली. मी एकेक काढली आणि ओच्यात ठेवली. शेवटची घसरून टेबलावर पडली, फुटली. माझ्याच हातानं फुटली. मी थांबले नाही. बांगडी फुटल्यानं कोणी मरत नाही, हे आता मला माहीत होतं.

मग मी स्वतः दोन्ही तळवे प्लेटवर ठेवले. बोटं आत वळवली. त्यानं फडकं उचललं होतं, ते त्याच्या हातातच राहिलं.

"घ्या फोटो."

घेतला त्यानं. मी तिथंच, त्याच्यासमोर, बांगड्या परत भरल्या. या वेळी दोन्ही हातांत. डॉक्टर म्हणाला, हाड वाकडं जुळलं, घमेलं उचलता येणार नाही. सासू ओसरीवर कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, एका हातानं जमेल ते काम करीन. मागेन, मिळालं नाही तर भांडेन. पण हा हात धरून यापुढे कोणी टेबलावर टाकणार नाही, डॉक्टर नाही, मुकादम नाही, घरची बाई नाही. ठेवायचा असेल तर मी ठेवीन. आणि नाही ठेवायचा असेल तर नाही.